गोजाबाईची लंका

पिंपरी गावातल्या गोजाबाईनं वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत पाहिलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे जेजुरी. एरवी चिंचवडचा बाजार, भोसरीचं माहेर आणि वर्षातून एखादी आळंदी, एवढ्यात तिचा संसार मावला होता. तीन लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. घरात ती आणि नवरा सोपानराव, शेजारच्या खणात जाऊ आक्काबाई आणि तिचा मुलगा ज्योतीराम.

सोपानरावाची पवनेकाठची खडकाळ, न पिकणारी पट्टी तेवढी राहिली होती; हमरस्त्याकडेची चांगली काळी जमीन कारखान्यासाठी सरकारनं घेतली. तेव्हापासून तो माणूस जू काढलेल्या बैलासारखा झाला होता. सकाळी उठून सवयीनं रस्त्याकडे निघायचा, तारेचं कुंपण दिसलं की वळायचा आणि रुळांच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसायचा. गाड्या बघायचा. ही कुठं जाते, ती कुठून येते, हे गेटमनला विचारून घ्यायचा. असाच एकदा जमिनीचा मोबदला आणायला पुण्याला गेला आणि आला तो वेगळ्याच तंद्रीत.

"आपुन लंकेला जायचं," जेवताना तो म्हणाला.

"कुठं?"

"लंकेला. सिलोन म्हनत्यात तिला आता. पुन्याचे एक उद्धवराव म्हनून हाईत, ते माणसं घिऊन जात्यात. आगगाडीनं रामेश्वर, मंग बोट, आन् पल्याड पुन्हा आगगाडी. सैपाकी संगं आस्तो."

गोजाबाईचा हात भाकरीवरच थांबला. "रावनाच्या लंकेला?"

"रावन मेला की गं."

"त्यो मेला. बाकीचे आसतील की!"

सोपानराव पुष्कळ दिवसांनी हसला. ते हसणं बघून गोजाबाईनं पुढं काही आडवं लावलं नाही. गावानं मात्र तोंडात बोटं घातली. आक्काबाईनं तर काळजीनं दृष्ट काढली आणि वर, तिथं खरंच सोनं असलं तर निदान डोळ्यांनी बघून ये, असंही सांगितलं.

अठ्ठावन्न सालचा मे महिना. पुणे स्टेशनावर उद्धवराव काळी टोपी घालून आणि गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जमायचं, दोनदा वाजली की गाडीत बसायचं, असा त्यांचा कायदा. मंडळी बहुतेक पुण्याची. त्यांत सदाशिव पेठेतल्या कुसुमताई म्हणून एक विधवा बाई होत्या. पहिल्या दिवशी त्या गोजाबाईच्या तंबाखूच्या मिश्रीकडे नाक मुरडून बघत होत्या. मद्रास येईपर्यंत दोघी एका ताटात शेंगा फोडायला लागल्या.

धनुष्कोडीला रूळ संपले. दोन्ही अंगांना समुद्र आणि मधे वाळूची जीभ. डॉक्टरनं सगळ्यांना तपासलं, मग बोट निघाली. गोजाबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, ते पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यावरच उघडले.

आणि तिला पहिला धक्का बसला तो हा, की लंका साधीसुधी होती. झावळ्यांची घरं, परसात केळी, आडावर पाणी शेंदणाऱ्या बाया. पोरं नागडी खेळत होती. हिरवं इतकं, की तिला वाटलं डोळ्यांत कुणी पाल्याचा रस पिळलाय. लोक भात खात, मासळी खात, आणि देवळात जाताना पांढरंशुभ्र नेसून, हातात फुलं घेऊन जात. तिथला देव डोळे मिटून बसलेला, गालात हसणारा. गोजाबाईनं त्यालाही मनोभावे हात जोडले. डोंगरातल्या गाडीतून चहाचे मळे दिसले. पाठीवर टोपल्या घेऊन पाला खुडणाऱ्या बाया वर बघून हात हलवत होत्या. "ह्या तमिळ," उद्धवरावांनी सांगितलं, "आणि बाकीचे सिंहली. दोघांची भाषा निराळी, धर्म निराळा." गोजाबाईला दोघांतला फरक काही केल्या कळेना. तिला दोन्ही बोल्या सारख्याच अगम्य.

कोलंबोला जाताना गाडी एका लहानशा स्टेशनावर बराच वेळ थांबली होती. तिथं एक शहाळीवाला होता. शेंदरी रंगाची शहाळी, आपल्याकडे कधी न दिसणारी. माणूस पन्नाशीचा, कमरेला लुंगी, वरच्या ओठावर जुन्या जखमेचा चिरा. कोयत्याच्या दोन घावांत शहाळं उघडून तो असा काही अदबीनं पुढं करी, की जणू घरी आलेल्या पाहुण्याला देतोय. गोजाबाईनं पाणी पिऊन रिकामं शहाळं टाकायला हात उचलला, तसा तो धावत आला. "नको नको" अशी मान हलवत त्यानं ते फोडलं, सालीचाच चमचा करून आतली मलई कशी खरवडायची ते दाखवलं. मग तिच्या नऊवारी लुगड्याच्या कासोट्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि स्वतःच्या लुंगीचा तसाच कासोटा मारून दाखवला. डबाभर माणसं हसली. पोरं किती, असं त्यानं खुणेनं विचारलं. तिनं तीन बोटं दाखवली. त्यानं पाच दाखवली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आपल्या दत्तोबा माळ्यावानी हाय बगा," गोजाबाई नवऱ्याला म्हणाली. "त्योच सोबाव."

कोलंबोत चार दिवस राहायचं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी उद्धवराव बाहेरून आले ते टोपी हातात घेऊन. शिट्टी न वाजवताच त्यांनी सगळ्यांना गोळा केलं.

"मंडळी, आपल्याला निघायला हवं. आजच. गावागावांत दंगल पेटलीय म्हणतात. सिंहली आणि तमिळांत."

"कशावरून?" कुसुमताईंनी विचारलं.

"राज्यकारभाराची भाषा कुणाची, यावरून धुमसत होतं. आता भाषा राहिली बाजूला."

दोन वर्षांपूर्वी सोपानरावही मराठी भाषेच्या राज्यासाठी घोषणा देत पुण्याच्या मोर्चात चालला होता. गोजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, तर तो चपलेचा अंगठा नीट करत बसला होता.

उत्तरेकडे जाणारी दिवसाची गाडी मिळाली. त्यांच्या डब्यावर उद्धवरावांनी कागद चिकटवला होता, की हे हिंदुस्थानातले प्रवासी आहेत. गाडी संथ चालली होती. स्टेशनं ओस. कुठं फलाटावर बिऱ्हाडं घेऊन बसलेली माणसं दिसत, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दूर माडांच्या वर धूर दिसला. सोपानराव म्हणाला, "भाताचं राब भाजत आसतील." माडांच्या बागेत कुणी राब भाजत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

दुपारी गाडी करकचून थांबली. पुढं रुळांवर झाड पाडलेलं होतं. गाडी फलाटालाच लागलेली होती. जाताना गाडी थांबली होती तेच लहानसं स्टेशन. आणि पुढच्या डब्यांकडून एक आवाज आला. पुढं कितीतरी वर्षं गोजाबाई त्या आवाजाला नाव शोधत होती. आरडाओरडा म्हणावा तर तसा नव्हता. रानडुकरांच्या शिकारीला हाकारा घालतात ना, माणसं चारी बाजूंनी येतात, तसा.

डब्यांना आतून जोडणारं दार धाडकन उघडलं आणि एक बाई आत येऊन पडली. वय पंचविशीचं. अनवाणी. केस सुटलेले. दोन्ही नाकपुड्यांत खड्याच्या चमक्या, कपाळाला कुंकू. तिनं गोजाबाईचे पाय धरले आणि काहीतरी बोलत राहिली, बोलत राहिली.

कुसुमताईंनी इंग्रजीत विचारलं. तिला थोडं येत होतं.

"तमिळ आहे," कुसुमताईंचे ओठ पांढरे पडले होते. "परमेश्वरी नाव आहे. हिच्या मागोमाग माणसं डबे तपासत येताहेत. हिचे म्हातारे वडील तिकडंच राहिले. त्यांना पळवेना. त्यांनीच हिला ढकललं म्हणते."

उद्धवराव म्हणाले, "बाई, हे आपल्या अंगाशी येईल हो. इतकी माणसं माझ्या जबाबदारीवर..." आणि ते मधेच थांबले. ती बाई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड फिरवलं, टोपी घातली आणि डब्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

गोजाबाईनं काही ठरवलं नाही. तिचे हात आधी निघाले. तिनं ट्रंक ओढली, आपलं दुसरं लुगडं काढलं. "पुरुषमाणसं तिकडं तोंड करा!" कुसुमताईंनी चादर आडवी धरली. परमेश्वरीच्या हातात निरी ठरत नव्हती. लहान पोरीला नेसवावं तसं गोजाबाईनं तिला नेसवलं, कासोटा खोचला, चमक्या काढून आपल्या कनवटीला लावल्या, केसांचा घट्ट खोपा घातला, डोक्यावर पदर ओढला. गळ्यातला पिवळा दोरा, तिकडचं मंगळसूत्र, चोळीत दडवला. आणि हे करताना तिच्या तोंडून एकच बोल निघत होता, गाय अडली की तिच्या पाठीवर हात फिरवताना निघायचा तोच. "घाबरू नगं, बाय. घाबरू नगं."

ती खाली बसते न बसते तोच दारात माणसं आली. हातांत काठ्या, पहारी. उद्धवराव "इंडिया, बॉम्बे, बॉम्बे" असं ओरडत होते. त्यांना बाजूला सारून जो पहिला आत आला, त्याच्या वरच्या ओठावर चिरा होता.

गोजाबाईनं त्याला ओळखलं. हातातला कोयताही ओळखला. रावण येईल, राक्षस येतील, याची भीती तिनं घरून बांधून आणली होती. पण हा येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ज्यानं मलई वाया जाऊ दिली नव्हती, तो हा.

त्यानंही तिला ओळखलं. क्षणभर त्याचा चेहरा जत्रेत गावचं माणूस भेटावं तसा झाला. मग त्याची नजर सरकत सरकत परमेश्वरीवर गेली. नऊवारी नेसलेल्या बायांच्या रांगेत एक पदर जास्तच खाली ओढलेला. त्यानं कोयत्याच्या टोकानं तिच्याकडे खूण केली आणि काहीतरी म्हणाला. अर्थ सगळ्यांना कळला. बोल.

"माजी सून हाय ती!" गोजाबाई ओरडली. "ताप हाय तिला! सर मागं, मुडद्या!"

त्यानं मान हलवली. तू नव्हे. ती.

सोपानराव मधे जाऊन उभा राहिला, टोळीतल्या दोघांनी त्याला बाकावर दाबून बसवलं. परमेश्वरीनं तोंड वर केलं. तिला मराठी कुठून येणार? तिच्या आयुष्यात तिनं मराठीचे नीट ऐकलेले बोल एवढेच.

"गाबरू नगं," ती म्हणाली. आवाज फाटका होता. "गाबरू नगं, बाय. गाबरू नगं."

चिरावाल्यानं तिच्याकडे पाहिलं. गोजाबाईकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, की तिलाच तसं वाटलं? मग मागच्यांना काहीतरी बोलून तो वळला आणि फलाटाकडच्या दारानं खाली उतरला. बाकीचेही उतरले.

त्याला खरं वाटलं, की त्यानं सोडून दिलं? याचा उलगडा गोजाबाईला कधीच झाला नाही. कारण लगेच पुढं जे घडलं त्यानं दोन्ही उत्तरं खोटी ठरवली. फलाटावर पुढच्या डब्यातून ओढून काढलेला एक म्हातारा उभा होता. अंगात पांढरा सदरा, हातात छत्री. पळत नव्हता. छत्री उघडायची की मिटायची हे त्याला कळत नव्हतं. चिरावाला सरळ त्याच्याकडे गेला. शहाळं उघडताना उचलायचा तसाच, सवयीचा, हलका हात त्यानं उचलला.

गोजाबाईनं परमेश्वरीचं डोकं आपल्या मांडीत दाबलं. ती उठू बघत होती. गोजाबाईनं दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून तिला दाबून धरलं आणि खिडकीतून स्वतः मात्र नजर काढू शकली नाही.

गाडीचा गार्ड सिंहलीच होता. त्यानं नि स्टेशनमास्तरनं मिळून, शिव्या खात, झाड बाजूला करवलं. डब्यांना बाहेरून कड्या घातल्या आणि हिरवं निशाण दाखवलं. गार्डाच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तेही त्याच्याच लोकांनी काढलेलं.

जंक्शनवर बंदुकवाले पोलीस होते. गाडी थांबताच परमेश्वरी उतरली आणि डब्याडब्यातून "अप्पा, अप्पा" करत फिरली. शेवटच्या डब्यापाशी ती थांबली. मग परत आली आणि गोजाबाईसमोर उभी राहिली. कुसुमताईंना तिनं इंग्रजीत विचारलं. कुसुमताईंनी तो प्रश्न मराठीत केला, पण गोजाबाईला त्याआधीच कळला होता.

"विचारतेय, पांढरा सदरा होता का? हातात छत्री होती का?"

गोजाबाईनं कनवटीच्या चमक्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या आणि मान खाली घातली. परमेश्वरी रडली नाही. ओरडली नाही. ज्या हातांनी तिला दाबून धरलं होतं त्या हातांकडे तिनं नुसतं पाहिलं. उत्तरेला तमिळांच्या मुलखात, जाफन्याकडे जाणाऱ्यांचा जमाव पोलीस वेगळा काढत होते, त्यात ती चालत गेली. तिच्या चालीत कासोटा सुटत आला होता. तो खोचायला हवा, एवढंच गोजाबाईच्या मनात येत होतं. पाय काही हलला नाही.

परत येताना बोटीत तिनं डोळे मिटले नाहीत.

गावात बाया गोळा झाल्या. समुद्र कसा, बोट कशी, सोनं दिसलं का. सोपानराव काहीबाही सांगायचा. गोजाबाई चुलीपुढून उठून परसात जायची. दत्तोबा माळी नेहमीसारखा भाजीची पाटी घेऊन दारात आला, "वयनी, वांगी घ्या" म्हणाला, तेव्हा ती त्याच्या हातातल्या विळ्याकडे बघत राहिली. तो बिचारा म्हणाला, "अवं, काय झालं?" तिनं दार लावून घेतलं. तिला भीती दत्तोबाची नव्हती. पण कुणाच्या हाताबद्दल आता काही सांगता येत नाही, एवढं तिच्या जिवानं घेतलं होतं.

त्याच पावसाळ्यात कारखान्यात बाहेरगावची माणसं भराभर येऊ लागली. कुणी कोकणातले, कुणी नांदेड-परभणीकडचे, एकदोन मद्रासकडचे. क्वार्टरं अजून बांधून व्हायची होती, त्यामुळं ती गावात मिळेल त्या खणात राहत. जमिनी गेलेल्या घरांतल्या पोरांना हे खुपत होतं. जमीन आमची, नोकऱ्या ह्यांना. ते तसं खोटंही नव्हतं.

एका सकाळी गोजाबाई घागर घेऊन आडावर गेली, तर तिथं गलका. एक मद्रासी कामगार आणि त्याची बायको घागर घेऊन उभे होते. पोरांनी वाट अडवली होती. सगळ्यांत पुढं तिचा पुतण्या ज्योतीराम. ती रांधायची आणि तो खायचा, असा वाढलेला पोर. त्याच्या हातात काठी होती.

"आडावर यायचं न्हाई म्हनून सांगितलं ना! निगा!"

ती बाई तमिळमध्ये काहीतरी बोलली. तो सूर, ते शब्दांचं घरंगळणं गोजाबाईनं ओळखलं. तिच्या हातातली घागर सुटली, दगडावर आपटून चेपली. ज्योतीरामानं वळून पाहिलं. "काकू, तू हो मागं."

ओरडावं, त्याच्या कानाखाली वाजवावी, असं तिला फार वाटलं. पण मावळात डुकराचा हाकारा उठला की म्हातारं जनावर जागच्या जागी बसतं, तशी ती त्या दोघांच्या नि पोरांच्या मधे चिखलात बसली. आणि बसूनच राहिली. पोरांना आधी हसू आलं, मग अवघडल्यासारखं झालं. काकूला वारं लागलं, म्हणून कुणी आक्काबाईला बोलवायला पळालं. ज्योतीराम उभाच होता. काठीवरची मूठ आवळलेली. आक्काबाई आली, सोपानराव आला.

सोपानरावानं बायकोकडे पाहिलं नि त्याला सगळं समजलं. त्यानं चेपलेली घागर उचलली, आडात सोडली, भरून त्या बाईच्या डोक्यावर ठेवली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्या पडवीतला खण मोकळा हाय. आजपासून हे तिथं ऱ्हातील. ज्याला बोलायचं त्यानं माज्याशी बोलावं."

गावानं पुष्कळ बोलून घेतलं. ते जोडपं क्वार्टर मिळेपर्यंत, वर्ष-दीड वर्ष, पडवीत राहिलं. गोजाबाई त्यांच्याशी फारसं बोलत नसे. त्या बाईनं पदार्थ आणून दिला की ठेवून घ्यायची, दुसऱ्या दिवशी भांड्यात काहीतरी घालून परत करायची. इतकंच. माया म्हणावी असं त्यात काही नव्हतं. सोपानरावाला पुढं त्याच कारखान्यात बागेवर काम लागलं आणि तो पुन्हा मातीत हात घालू लागला, एवढं एक बरं झालं.

ज्योतीराम बरेच महिने तिच्या चुलीकडे फिरकला नाही. दिवाळीत मात्र आला. खाली मान घालून पाटावर बसला. गोजाबाईनं त्याला वाढलं. करंजी मोडणाऱ्या त्याच्या हातांकडे ती बघत होती. लहानपणी ह्याच हातांना तिनं गोवरात लिंबाचा पाला चोळला होता. मी मधे बसले नसते, तर तू खरंच काठी उचलली असतीस का रे, असं तिला विचारायचं होतं. प्रश्न ओठांपर्यंत आला. त्यानं वर पाहिलं, तशी ती घाईनं उठली आणि तुपाचं भांडं आणायला आत गेली.